लकडगंजांतील फिरतें घर

इतवारींतल्या दुकानांमधून वाट काढीत शेजारच्या लकडगंजाकडे वळलें, कीं किराण्याचा वास मागें पडतो व करवतीच्या भुशाचा येऊं लागतो. वस्तीचें नांवच लाकडावरून पडलेलें; चंद्रपूर व आलापल्लीच्या रानांतील सागवान नागपुरास जवळचें. आम्ही आलों तें मालमोटारीवर बांधलेल्या प्रवासी खोलीस कपाटें करवून घेण्यासाठीं. मातोश्रींना नर्मदा-परिक्रमा करावयाची होती; दम्यामुळें धर्मशाळांचा भरंवसा नव्हता.

मिस्त्री सर्व काम सागवानीच करूं म्हणून हटून बसले. अभिमान रास्तच, पण इंचभर जाडीची सागाची फळी चौरस मीटरास सुमारें १६ किलो भरते, १२ मिलिमीटर प्लायवूड तिच्या जेमतेम निम्में. शेवटीं चौकटी सागाच्या व दारें प्लायवूडचीं असें ठरलें. घरचें कपाट भिंतीशीं जन्मभर स्वस्थ उभें असतें, हें दर खड्ड्यास हादरणार. म्हणून खिळ्यांऐवजीं स्क्रू, फळ्यांच्या कडेला दोन बोटें उंच पट्टी, आणि जरा वर उचलल्याखेरीज न उघडणारे खण. पिठाचे डबे तळाशीं. वर फक्त अंथरुणें.

औषधांचा खण उशाशीं हवा, अंधारांतहि हातास लागेल असा. तेवढा मात्र मिस्त्र्यांनीं आम्हांस न विचारतां अस्सल सागाचा केला, व त्याची मजुरी घेतली नाहीं.