घाट आणि गणित : यशवंतपूरचा एक फेरफटका

सातारा-मिरज-हुबळीच्या लोहमार्गाने बंगळूरला जाणाऱ्या प्रवाशाला त्या नगरीची पहिली ओळख यशवंतपूरला होते. तुमकूर मागे पडले की उतारूंची बांधाबांध सुरू होते आणि पुढे मोठ्या जंक्शनचे दिवे दिसू लागतात. गावाचे नाव ऐकून ते आपल्याच मुलखातले असावे असे वाटते. पंढरपुराहून थेट येथवर येणारी गाडीही आहे. तथापि, वाचकहो, मी आपणांस येथे आणले आहे ते देवदर्शनासाठी नव्हे आणि उद्याने दाखवण्यासाठीही नव्हे. आमच्या घरातला एक प्रश्न बरोबर घेऊन मी येथे आलो होतो. तो कदाचित आपल्याही घरात आज ना उद्या उभा राहील.

माझी भाची बारावीला आहे. गणितात तिला गती आहे आणि चित्रकलेचाही तिला तितकाच नाद आहे. घरातले बिघडलेले मिक्सर उघडून पाहायचे, मग वहीत त्याची मूठ निराळ्या आकाराची काढायची, असा तिचा उद्योग चाललेला असतो. यंत्र कसे चालते हे शिकायचे आणि ते माणसाच्या हाताला कसे बसावे हेही शिकायचे, अशी दोन्ही अंगे असलेली पदवी तिला हवी आहे. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, बांधकाम खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. ते म्हणाले, “स्थापत्य घे, यंत्र घे, वीज घे; काहीतरी एक धड घे. एक ना धड, भाराभर चिंध्या!” कोपऱ्यात बसलेल्या आजी यावर म्हणाल्या, “अहो, गोधडी चिंध्यांचीच असते. टाका नीट पडला पाहिजे.” त्यावर कोणी बोलले नाही, पण त्याच आठवड्यात मी दोन तिकिटे काढली.

या विद्येला मराठीत काय म्हणावे हा एक प्रश्नच आहे. सरकारी खात्यात ‘संकल्पचित्र’ म्हणतात, कोशांत ‘अभिकल्प’ सापडतो, बाजारात ‘डिझाइन’ हाच शब्द चालतो आणि तो ऐकताच लोकांच्या डोळ्यांपुढे साडीची किनार येते. मला विचाराल तर आपल्या तांबटांचा नि कुंभारांचा शब्द सर्वांत चांगला. ते भांड्याच्या ‘घाटा’विषयी बोलतात. कळशीचा गळा किती निमुळता, काठ किती बाहेर, पोट किती फुगीर, हे सर्व घाटात येते. आणि पाणी हिंदकळू नये, कमरेवर भांडे ठरावे, हा हिशेबही त्यातच असतो. अमेरिकन रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारच्या निमंत्रणावरून 1958 साली जो अहवाल लिहिला, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची मनापासून वाखाणणी केली होती. त्यानंतर 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली.

आपल्या स्वयंपाकघरातलेच एक उदाहरण घ्या. काही प्रेशर कुकरांचे झाकण आतून बसते. आत वाफ कोंडली की ती झाकणाला काठावर आतूनच दाबून धरते, आणि दाब उतरेपर्यंत ते कोणाच्याने निघत नाही. गृहिणीला कसलीही सूचना वाचावी लागत नाही. वाफच पहारा करते. हे ज्याला सुचले त्याला वाफेचे गणित ठाऊक होते आणि घाईत असलेल्या बाईचा हातही ठाऊक होता. भाचीला जे शिकायचे आहे ते हेच.

पहाटे साताऱ्याला गाडीत बसलो. उजाडल्यावर किर्लोस्करवाडीची पाटी दिसली आणि मी तिला खिडकीशी बसवून लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. 1869 साली बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तेथे ध्यानात आले की काही रंगांतला भेद त्याच्या डोळ्यांना कळतच नाही. रंगांची वाट बंद झाली, पण रेषेवर हात बसला होता. तो यांत्रिक रेखाटनाकडे वळला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागला. नंतर बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी तो नांगर घेईनात. विक्री सुरू व्हायलाच फार काळ गेला. 1910 साली औंधच्या संस्थानात या माळावर कारखाना उभा राहिला. संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, ही गोष्टही मला या संदर्भात मोठी गमतीची वाटते.

भाचीने विचारले, “मामा, मग ते चित्रकार की इंजिनियर?” मी म्हटले, “हे तू तुझ्या बाबांना विचार.”

तिसऱ्या प्रहरी तुंगभद्रेच्या काठचे हरिहर आले. किर्लोस्करांनी 1941 साली येथे लेथ बनवण्याचा मोठा कारखाना काढला होता. तो आता बंद आहे. रात्री यशवंतपूरला उतरलो. रवी किर्लोस्करांनी 1946 साली बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू केला, तो येथून जवळच. म्हणजे या एकाच गाडीने आम्ही नांगरापासून विजेच्या मोटारीपर्यंतचा प्रवास केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोत बसलो. यशवंतपूरच्या पुढच्याच स्थानकाचे नाव ‘सँडल सोप फॅक्टरी’ असे आहे. साबणाच्या कारखान्यावरून स्थानकाला नाव देणारे शहर मला तरी दुसरे ठाऊक नाही. पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारे म्हैसूरचे चंदन अडकून पडले, तेव्हा महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी त्याचे तेल येथेच काढवले आणि त्या तेलाचा साबण करण्याचे ठरवले. हे विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियंते झालेले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे आपल्याला परिचित आहेतच. साबणाचे काम सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनज्ञाकडे आले. शिक्षणासाठी ते इंग्लंडला जाऊन आले. त्यांनी रसायन साधले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या काळचे साबण बहुधा चौकोनी वड्यांचे असत. शास्त्रींनी वडीला लंबगोल आकार दिला, दागिन्यांच्या पेटीसारखी डबी योजली आणि सिंहाचे शरीर व हत्तीचे मुख असलेला शरभ तिच्यावर छापला. शतक उलटले तरी तो साबण दुकानात त्याच लंबगोल आकारात मिळतो. आम्ही एक डबी विकत घेतली. भाचीने साबण बाजूला ठेवला आणि डबीच सोडवून सपाट केली, ती कशी दुमडली आहे हे पाहायला!

त्या भागातली किर्लोस्करांची जागा मात्र ओळखू येत नाही. जेथे मोटारी नि ट्रान्सफॉर्मर तयार होत, तेथे आता उंच इमारती आणि झगमगीत बाजार आहे. कंपनी चालू आहे; तिची ती जागा गेली. सरकत्या जिन्याशी घटकाभर उभे राहून आम्ही निघालो.

तेथून भारतीय विज्ञान संस्थेत गेलो. टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर दरबाराने दिलेल्या 371 एकर जमिनीवर 1909 साली स्थापन झालेली ही संस्था म्हणजे झाडांचे एक राज्यच आहे. येथेच 1933 साली मुंबईची कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, संशोधनासाठी आली. स्त्री असल्याकारणे तिला आधी नकार मिळाला आणि हट्ट धरल्यावर वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर प्रवेश मिळाला. मी हे सांगत असताना भाची काही बोलली नाही. तिने इमारतीकडे एकदा नीट पाहून घेतले. या संस्थेत 2011 पासून बारावीनंतरचा चार वर्षांचा पदवीक्रमही आहे. त्याची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. पहिली तीन सत्रे विद्यार्थी गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र हे सगळेच शिकतो, शिवाय थोडे अभियांत्रिकी आणि मानव्यविद्याही. मुख्य विषय नंतर ठरतो आणि शेवटचे वर्ष संशोधनाला असते. वस्तुरचनेचा स्वतंत्र विभागही याच आवारात आहे. पण तेथील एम. डेस. ही पदवी पदवीधरांसाठी आहे.

रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मराठी कानी पडली म्हणून मागे वळलो. कोल्हापूरकडचा एक मुलगा होता. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो ही विद्या शिकायला आला होता. त्याने आपली फजिती मोकळेपणाने सांगितली. पाठीवरच्या फवारणीपंपाचा दांडा त्याने नव्याने तयार केला होता. बल, लांबी, टेकूचे अंतर सारे हिशेबशुद्ध. शेतावर नेला तर बायकांच्या मुठीत तो मावेना. “काका, गणित बरोबर होते,” तो म्हणाला, “पण माप माझ्याच हाताचे घेतले होते.” मग त्याने पंधरवडाभर काही न बनवता फक्त माणसांचे हात मोजले. भारतीय शरीराची मापे सांगणारे पुस्तक राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 साली प्रसिद्ध केले आहे. तोवर आपल्याकडे खुर्च्या-टेबलांचा अंदाज बहुधा परदेशी आकड्यांवरूनच बांधला जाई. पुस्तक हाती आले तरी माणसापाशी जावे लागतेच, असे त्याचे म्हणणे. भाचीने तेवढ्यात त्याला दहा प्रश्न विचारले. त्यातला एक असा : स्वयंपाकाचा ओटा किती उंच असावा? तो म्हणाला, हलक्या कामासाठी कोपराच्या जरासा खाली. घरात जी उभी राहते तिचे कोपर मोजायचे, गवंड्याचे नव्हे.

राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे येथील आवार एच. एम. टी. जोडरस्त्यावर आहे, 2006 पासूनचे. तेथेही पदव्युत्तर शिक्षण मिळते. परंतु त्या रस्त्याचे नावच मला अधिक विचारात टाकून गेले. एच. एम. टी. चा कारखाना 1953 साली पलीकडच्या जालहळ्ळीत निघाला आणि 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तेथे घड्याळे होऊ लागली. आपल्यापैकी कितीजणांना लग्नात किंवा परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ‘जनता’ घड्याळ मिळाले असेल! माझ्या वडिलांचे अजून चालते. अंधांसाठीही त्यांनी घड्याळ केले होते : काच झाकणासारखी उघडायची आणि काटे व उठावाचे ठिपके बोटांनी चाचपून वेळ समजायची. यंत्रविद्या आणि माणसाची गरज यांचा इतका सुरेख मेळ मी क्वचितच पाहिला आहे. आणि तरीही बॅटरीवरची घड्याळे आली, लोकांची आवड पालटली, आणि तो बदल या मोठ्या कारखान्याला वेळेवर साधला नाही. 2016 साली सरकारने घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आता जालहळ्ळीला तिचे संग्रहालय आहे. मेहुण्यांचे ‘काहीतरी एक धड’ मला तेथे आठवले. एच. एम. टी. च्या हातचे यंत्र तर धडच होते.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती देतो. बारावीनंतर लगेच या वाटेला लागायचे तर चेन्नईच्या आय. आय. टी. त अभियांत्रिकी डिझाइनचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे नेहमीच्या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेतूनच जावे लागते. मुंबईच्या आय. आय. टी. त 1969 साली औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसवणारे सुधाकर नाडकर्णी हेही मूळचे जे. जे. चे विद्यार्थी, पुढे जर्मनीतील उल्म येथे शिकलेले. तेथे 2015 पासून बारावीनंतरची बी. डेस. पदवी आहे. तिची ‘यूसीड’ ही प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते आणि तीत चित्र काढण्याचाही भाग असतो. दुसरी वाट त्या कोल्हापूरच्या मुलाची : आधी अभियांत्रिकीची एक शाखा पुरी करायची, मग यशवंतपूरसारख्या ठिकाणी यायचे. ती लांब आहे. खर्चाचा विचार प्रत्येक घराने आपापला करावा. वसतिगृह, साहित्य, नमुने बनवण्याचे सामान यांना पैसा लागतो, हे आधीच मोजलेले बरे.

परत आल्यावर मेहुण्यांनी मला काही विचारले नाही. भाचीने आईला ओट्यापाशी उभे करून टेपने तिचे कोपर मोजले. मग ओटा मोजला आणि आकडे वहीत मांडले. ओटा दोन इंच उंच निघाला. बारा वर्षांपूर्वी तो मेहुण्यांनीच स्वतः उभे राहून बांधून घेतला होता. माझी बहीण म्हणाली, “खांदे दुखतात ते उगीच नाही!”

मेहुणे चष्मा लावून वहीपाशी आले. बराच वेळ ते आकृती पाहत होते. मग त्यांनी टेप हातात घेतली आणि म्हणाले, “कोपर पुन्हा एकदा मोज. चपला घालून मोजलेस की अनवाणी?”