आमच्या हॉलमधलं तेरें

गेल्या जून महिन्यात आमच्या डिचोलीच्या फ्लॅटवर एक पुठ्ठ्याचा खोका आला. लेकीने ऑनलाइन मागवलेला. आत कागदाच्या कपट्यांत गुंडाळलेलं एक रोप, काळसर हिरव्या पानांचं, पांढऱ्या ठसठशीत शिरांचं. नाव अलोकेशिया, किंमत सहाशे रुपये. सासूबाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, ही तेऱ्याची पानां न्हय?"

लेक रुसली. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं, कारण आमच्या पेडण्याच्या घराच्या चिऱ्यांच्या गडग्यावर पहिला पाऊस पडला की तेरें एवढं माजतं की उपटून टाकावं लागतं.

पण आई चुकल्या नव्हत्या. नंतर मी उत्सुकतेपोटी वाचत गेले तेव्हा कळलं की अलोकेशिया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, मनी प्लांट, पीस लिली, झीझी, डिफेनबाकिया ही सगळी एकाच कुळातली झाडं, म्हणजे अळू, सुरण आणि तेऱ्याचे भाऊबंद. मॉन्स्टेरा मेक्सिको-पनामाकडचा, मनी प्लांट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या एका बेटावरचा, झीझी पूर्व आफ्रिकेतली. यांतली बहुतेक मोठ्या झाडांच्या सावलीत, गाळलेल्या उजेडात वाढणारी. म्हणून तर ती आपल्या हॉलमध्ये सोफ्याशेजारी तग धरतात. (स्नेक प्लांट या कुळातला नाही, आणि अरेका पाम तर मादागास्करचा. त्याला सुपारी कधी धरणार, असं आईंनी दोनदा विचारून झालंय.)

२०२० च्या लॉकडाऊनपासून हे वेड घराघरांत शिरलं. लेकीच्या मैत्रिणी रोपांच्या फांद्या एकमेकींना देतात, नवं पान उलगडलं की फोटो टाकतात. मला ते आवडतं. फक्त "हवा शुद्ध होते" हे तिचं कारण मला पटत नाही. ही समजूत प्रामुख्याने नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासावरून पसरली. तो प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला. खिडकी उघडून किंवा फटींतून जेवढी हवा सहज बदलते, तेवढा परिणाम झाडांकडून हवा असेल तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील, असा त्यांचा निष्कर्ष. मग माणसांनी बसायचं कुठे? झाड आवडतं म्हणून आणावं, एवढं पुरे आहे. आणि आपल्याकडे तर पुण्या-बंगळुरूच्या मुलांसारखा दमटपणा विकत आणावा लागत नाही. उलट पावसाळ्यात पाणी देणं जवळजवळ थांबवावं लागतं. आमचा पहिला पीस लिली जुलैमध्ये मुळं कुजूनच गेला.

आईंचा प्रश्न मात्र वेगळाच होता. दर नव्या रोपाला त्या एकच विचारायच्या, "हाका फूल येता? देवाक घालूक जाता? खावक जाता?" तिन्हींचं उत्तर नाही आलं की मान फिरवायच्या. त्यांच्या हिशेबी घराच्या आत कुंडी ठेवणं हेच विचित्र. कोरगावच्या घरात आतला गारवा माणसांसाठी आणि झाडं अंगणात: पुढे तुळस, कडेला अबोली, मोगरा, जास्वंद. रान आत यायचं ते वर्षातून एकदा, चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीत. कांगले, कवंडाळ, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचा घोस. आता कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धाही घेतं आणि लोक शेकडो जिन्नस बांधतात.

ते घर तीन वर्षांपूर्वी बंद झालं. सासरे गेले, आईंचे गुडघे गेले, आम्ही त्यांना इकडे आणलं. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त सकाळी उठून बाल्कनीत जायच्या आणि हातातला तांब्या तसाच घेऊन परत यायच्या. आम्ही तुळस आणली. महिन्यात काळी पडली. दुसरी आणली, तिसरी आणली. आमची बाल्कनी उत्तरेला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. तुळशीला हवं असतं कडक ऊन, ते आमच्याकडे नाहीच. तिसरी वाळली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता नको आणूस." त्यानंतर बरेच दिवस बाल्कनीकडे फिरकल्या नाहीत.

मला तेव्हा कळलं की फ्लॅटमध्ये झाड आपण निवडत नाही, आपल्या खिडकीतला उजेड निवडतो.

त्याच सुमाराला नणंदेची सून पोराला घेऊन आली. दोन वर्षांचं पोर. आम्ही बोलत असताना त्याने डिफेनबाकियाचं पान चावलं आणि एकदम किंचाळलं. तोंडातून लाळ, ओठ सुजलेले. आम्ही सगळ्या गांगरून उभ्या. आईंनी पान हिसकावलं, ओल्या फडक्याने तोंड आतून पुसलं, थंड दुधाचे घोट पाजले आणि आमच्यावर ओरडल्या, गाडी काढा. दवाखान्यात त्याला काही तास ठेवून घेतलं. सूज उतरली, पोर बिस्कीट मागायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत आणि घशात रुततात. घसा सुजला तर श्वासालाही त्रास होऊ शकतो, म्हणून लगेच आणलंत ते बरं केलंत. परत येताना आई म्हणाल्या, "कच्चं अळू खाल्लं तर खाजणारच. म्हणून तर तेऱ्यात आंबाडा घालतात." आमच्या हॉलमधल्या आठही कुंड्यांबद्दल त्या बाईला हे आधीपासून ठाऊक होतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कुंड्या हलवल्या. खाजणाऱ्या वरच्या फळीवर, बाकीच्या खाली. तुमच्याकडे रांगतं मूल किंवा मांजर असेल तर तेवढं कराच.

लेकीच्या मनाला ते बहुधा लागलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा खोका आला, पण त्यात झाड नव्हतं. झाडांसाठी मिळणारा दिवा होता. बाल्कनीच्या कोपऱ्यात तिने तो टांगला आणि खाली चौथी तुळस ठेवली. आई दोन दिवस गप्प. "बल्बाखालची तुळस?" तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तांब्या रिकामा आणि कुंडी ओली.

ती जगली. थोडी उंचाडी, किडकिडीत, मंजिऱ्या नाहीत, पण हिरवी. चतुर्थीला आम्ही ती मांडीवर घेऊन तासाभराच्या रस्त्याने कोरगावला नेली. वृंदावनात गवत माजलं होतं. ते काढून लेकीने आणि आजीने मिळून तुळस लावली. शेजारच्या वहिनीने पाणी घालायचं कबूल केलं आहे. बल्बाखाली आता पाचवी आहे.

येताना आईंनी गडग्यावरून तेऱ्याचा एक कांदा पिशवीत टाकला. तो अलोकेशियाच्या शेजारी वरच्या फळीवर, तशाच पांढऱ्या कुंडीत आहे. चार पानं आलीत. लेकीने बजावलंय, हे कापायचं नाही. आई काही बोलत नाहीत, पण मी बाजाराला निघाले की आंबाडे आलेत का ते बघून ये म्हणतात.