आधी 'या, बसा', मग नाव

सहा डिसेंबरचा कार्यक्रम आटोपला की दुसऱ्या दिवशी रात्री आमच्या कोयनानगरच्या विहारात तरुण मुलं एखादा चित्रपट दाखवतात. भिंतीला पांढरी चादर, खाली सतरंज्या आणि मागे कुणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर. गेल्या खेपेला मुलांनी 'हॉटेल रवांडा' लावला. चित्रपट इंग्रजी, त्यात आफ्रिकेतला. म्हाताऱ्या माणसांना यातलं काय कळणार, असं आम्हा नवरा-बायकोला वाटलं होतं. पण कराडला कॉलेजात शिकणारा आमचा मुलगा माईक घेऊन बसला आणि मधेमधे चित्रपट थांबवून मराठीत सांगत गेला. थंडी कडाक्याची होती, तरी शेवटपर्यंत कुणी उठलं नाही.

चित्रपट २००४ सालचा, टेरी जॉर्ज यांनी काढलेला. गोष्ट खरी घडलेली. रवांडा हा मध्य आफ्रिकेतला लहानसा डोंगराळ देश. त्याची राजधानी किगाली. तिथल्या मिल कोलिन्स नावाच्या बड्या हॉटेलात पॉल रुसेसाबगिना हा व्यवस्थापक होता. बाप हुतू म्हणून तो कागदोपत्री हुतू, बायको तुत्सी. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि तुत्सींची कत्तल सुरू झाली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यांत बहुतेक तुत्सी होते, आणि या कत्तलीला विरोध करणारे हुतूही होते. मारणाऱ्यांत सैनिक होते तसे साधे गावकरीही होते. काल ज्याच्या घरी जेवले, त्याच्याच दारात आज कोयता घेऊन उभे राहिले.

चित्रपटाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. हॉटेलच्या बारमध्ये दोन मुली बसलेल्या असतात. परदेशी पत्रकार त्यांना विचारतो, तुम्ही कोण? एक म्हणते हुतू, दुसरी म्हणते तुत्सी. पत्रकाराला दोघींत काही फरक दिसत नाही. तेवढ्यात आमची आई मोठ्यानं म्हणाली, "आरं, समदी येकसारखीच दिसत्यात की. मग मारणाऱ्याला कळतंय कसं, कोण कुणातला त्यो?"

मुलानं चित्रपट थांबवून सांगितलं. बेल्जियमचं राज्य असताना, १९३० नंतरच्या वर्षांत, तिथं प्रत्येकाला ओळखपत्र दिलं गेलं. त्यावर लिहिलेलं असे, हुतू, तुत्सी की त्वा. सगळ्यांची भाषा एक, गावं एक, धर्मही बहुतेकांचा एकच. राज्यकर्ते गेले, पण कार्ड राहिलं. १९९४ साली रस्त्यारस्त्यावर अडसर टाकून माणसं उभी होती. कार्ड दाखव म्हणायचे. कार्डावर तुत्सी असलं की संपलं.

आई म्हणाली, "म्हंजे दाखल्यावरची जात."

विहारात एकदम शांतता पसरली. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात तो दाखला आहे. रेशन कार्डाबरोबर, मुलांच्या मार्कशीटबरोबर, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावं लागलं. त्यासाठी आपली माणसं वर्षानुवर्षं झगडली. तो कागद आपण हक्क मागायला वापरतो, माणूस बाजूला काढून मारायला नाही. हा फरक मोठा आहे आणि तो विसरू नये. पण वाटेत अडवून विचारायला आपल्याकडे कार्ड लागतच नाही. आडनाव विचारलं की भागतं. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात, गावावरून कळलं नाही तर आळी विचारतात.

आम्ही कोयनेची माणसं. मोठा धक्का कसा येतो हे आम्हाला ठाऊक आहे. १९६२ साली धरणात पाणी साठू लागलं, तेव्हापासून इथं बारीक बारीक धक्के सुरू झाले. फळीवरची भांडी वाजायची आणि माणसं म्हणायची, काही नाही, होईल बंद. १३ सप्टेंबर १९६७ ला जरा जोराचा धक्का बसला. त्यानंतर ११ डिसेंबरच्या पहाटे सगळं होत्याचं नव्हतं झालं. रवांडातही एप्रिलची ती रात्र आभाळातून पडली नाही. कार्ड साठ वर्षांचं जुनं होतं. १९९३ पासून एक रेडिओ केंद्र तुत्सींना झुरळं म्हणत होतं. गाणी लावायचं, विनोद सांगायचं आणि मधेच झुरळं म्हणायचं. लोक हसत ऐकायचे. भांडी वाजत होती, पण कुणी उठलं नाही.

अशा वेळी त्या व्यवस्थापकानं काय केलं? त्याच्याजवळ बंदूक नव्हती. जवळ होती ती नोकरीतली रीतभात. कुणाला अदबीनं बोलायचं, कुणाला कुठली दारू आवडते, कुणाला किती पैसे दिले की तो मान फिरवतो, हे त्याला ठाऊक होतं. हॉटेलात १२६८ माणसं आसऱ्याला होती. संयुक्त राष्ट्रांची फौज अडीच हजारांवरून पावणेतीनशेच्या आसपास आणली गेली होती. परदेशी पाहुण्यांना गाड्या घालून नेलं आणि रवांडाचे लोक तिथंच राहिले. तरीही आसऱ्याला आलेली ती माणसं वाचली.

चित्रपट संपला तेव्हा मुलं टाळ्या वाजवू लागली. मग आमच्या मुलानं पुढचं सांगितलं, आणि ते सांगितलं हे बरं केलं. त्या हॉटेलात राहिलेल्यांपैकी काहींचं म्हणणं असं की, चित्रपटानं एकाच माणसाला फार मोठं केलं. तो आमच्याकडून पैसे घेत होता, आणि वाचलो ते इतरांमुळेही, असं ते सांगतात. पुढे हा माणूस तिथल्या सरकारच्या विरोधात गेला. २०२१ साली रवांडाच्या न्यायालयानं त्याला दहशतवादाच्या आरोपाखाली पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. तो खटला न्यायानं चालला नाही, अशी टीका बाहेरच्या देशांत झाली. मार्च २०२३ मध्ये त्याला सोडण्यात आलं.

एक तरुण चिडून म्हणाला, "मग कशाला दाखवला हा सिनेमा?" पण आपल्याला याचं नवल वाटायला नको. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगून ठेवला आहे. माणसाची मूर्ती करायची नाही. त्याच्या हातून झालेलं काम काय ते पाहायचं, आणि ते आपल्याला जमेल का, असं स्वतःला विचारायचं.

मुलानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्या चित्रपटात नाहीत. झुरा कारुहिम्बी नावाची एक म्हातारी विधवा होती. गावात तिच्याबद्दल बोलवा होती की हिला जादूटोणा येतो. मारेकरी दारात आले की ती हातातली कडी खुळखुळवायची आणि म्हणायची, आत पाऊल टाकलंत तर भुतं सोडीन. दाराला आणि अंगाला खाज सुटणारा पाला चोळून ठेवायची. कोयतेवाले घाबरून परत जायचे. तिच्या झोपडीत शंभरावर माणसं लपली होती असं सांगतात. २०१८ साली ती वारली. बावीस प्रतिज्ञा घेतलेली आमची माणसं हे ऐकून पोट धरून हसली. अंधश्रद्धेचा असा उपयोग कुणी ऐकला नव्हता!

दुसरी गोष्ट ऐकून मात्र कुणी हसलं नाही. कत्तल थांबून तीन वर्षं होत आली होती. मार्च १९९७ मध्ये न्यांगे गावच्या शाळेत रात्री हत्यारबंद टोळी घुसली. मुलं अभ्यासाला बसली होती. हुतू एका बाजूला व्हा आणि तुत्सी दुसऱ्या बाजूला, असा हुकूम झाला. मुलं हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडाचे आहोत, एवढंच त्यांनी सांगितलं. गोळ्या झाडल्या गेल्या, बॉम्ब टाकले गेले. काही मुलं मेली, काही जखमी झाली. पण वेगळं झालं नाही कुणी. कोण कुठला, या प्रश्नाचं उत्तरच त्यांनी दिलं नाही.

घरी जाताना आई गप्प होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "त्या राती त्या पोरीच्या दादल्यानं नाव सांगितलं नसतं, तर आपुन तिला बसवली असती का न्हाई?"

आम्ही दोघंही उत्तर देऊ शकलो नाही.

ती रात्र सप्टेंबर २०२३ मधली. त्याच महिन्यात खटाव तालुक्यात पुसेसावळीला दंगल झाली होती. मुसलमानांवर हल्ला झाला, एक तरुण मारला गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं होतं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी रात्री दहाच्या सुमाराला आमची कडी वाजली. पाऊस कोसळत होता. दारात एक जोडपं होतं, बाईच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं होतं आणि मोटारसायकल बंद पडली होती. पाऊस थांबेपर्यंत ओसरीवर बसू का, असं विचारत होते. आम्ही आधी नाव विचारलं. त्यानं सांगितलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग बाटली भरून पाणी दिलं, स्टँडवर उजेड आहे तिथं थांबा म्हणालो, आणि कडी लावून घेतली.

पाणी दिलं, ओसरी दिली नाही. आमच्या मनात त्यांच्याविषयी द्वेष नव्हता, हे आम्ही आजही शपथेवर सांगू. शेजारी काय म्हणतील, मुलाचं शिक्षण चालू आहे, उगाच भानगड कशाला, एवढंच मनात होतं. पहाटे पाऊस उघडल्यावर स्टँडवर जाऊन पाहिलं, तर तिथं कुणी नव्हतं. गाडी सुरू होऊन सुखरूप गेले असतील. पण ती रात्र त्या बाळानं कुठं काढली, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले, ती हकिकत आपल्या घरातल्या पोराबाळांना पाठ असते. पारशी धर्मशाळेत काठ्या घेऊन माणसं आली आणि पहिला प्रश्न विचारला, तू कोण? पण त्या हकिकतीतलं पुढचं आपण भरभर वाचून जातो. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला होता. तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. दोघांपैकी कुणीही काठी उचलली नव्हती. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. ती हकिकत वाचताना आम्ही नेहमी बाबासाहेबांच्या बाजूला बसत आलो. त्या रात्री आम्ही त्या दुसऱ्या मित्राच्या जागी होतो. त्यानं धर्म बदलला होता, आम्हीही बदलला आहे. दार मात्र दोघांनीही उघडलं नाही.

आपल्यावर जे गुदरलं ते सांगताना मोठे शब्द सैल वापरू नयेत. रवांडात झाला तो वंशसंहार होता. मराठवाड्यात १९७८ साली नामांतराच्या वेळी आपली घरं जाळली, पोचिराम कांबळेंसारख्यांचे जीव घेतले, ते भयंकर होतं, पण त्याची मोजमापं वेगळी. मात्र दोन्हीकडे सुरुवात एकाच प्रश्नानं होते, तू कोणातला? तो प्रश्न दुसऱ्यानं आपल्याला विचारला की आपलं रक्त उसळतं. आपण दुसऱ्याला विचारतो तेव्हा ते चौकशी केल्यासारखं वाटतं.

आईला १९६७ चा भूकंप आठवतो. तेव्हा ती बारा वर्षांची होती. सगळी वस्ती उघड्यावर, शेकोटीभोवती. एका घोंगडीत चार घरची पोरं. "तवा कुणी कुणाला आडनाव इचारलं न्हाई," ती म्हणते, आणि लगेच पुढं म्हणते, "पंधरा दिसांनी पुन्यांदा इचाराय लागलीच की."

त्या रात्रीपासून घरात एक पद्धत सुरू केली आहे. दारात कुणीही आलं की आधी 'या, बसा', मग पाणी, मग काम काय ते. नाव सर्वांत शेवटी, आणि तेही त्यानं आपणहून सांगितलं तर. ओसरीवर एक बाकडं टाकलं आहे. धाकटी नात शेजारच्या पोराला "तुझं आडनाव काय?" म्हणाली, तेव्हा आईनं तिला जवळ घेऊन सांगितलं, "नाव इचार, ख्योळ इचार, त्ये नगं इचारू."

पद्धत घातली म्हणून धाडस येतंच असं नाही, हे आम्हाला कळतं. दंगलीच्या दिवसांत, पावसाच्या रात्री, तसं कुणी अजून आमची कडी वाजवलेली नाही. वाजेल तेव्हा कळेल, चित्रपटातून आम्ही काय शिकलो ते.