बर्फ है ना, मॅडम!

वीकेंड जवळ आला की बर्फाची उंची वाढते म्हणे! हिल स्टेशनचं बुकिंग करण्याआधी हे वाचाच...

'मॅडम, बर्फ ही बर्फ है! आप बस आ जाओ!'

जानेवारी २०२४ चा दुसरा आठवडा. फोनवर गुलमर्गच्या हॉटेलचा बुकिंगवाला होता. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आला. छपरावर हातभर बर्फ, पाईनच्या फांद्या बर्फाने वाकलेल्या, मधून लाल जॅकेट घातलेला कुणीतरी स्कीइंग करत चाललेला. एकदम सॉलिड! आई-बाबांना बर्फ दाखवायचा प्लॅन कितीतरी वर्षं चालला होता. पण फ्रीलान्सिंगमध्ये पैसे असले की वेळ नसतो आणि वेळ असला की... असो. या वेळी दोन्ही जमून आलं. लक्ष्मी रोडवरून आईला थर्मल घेतले, बाबांना माकडटोपी घेतली आणि निघालो.

टंगमर्ग सोडून गाडी घाट चढायला लागली. आई काचेला नाक लावून बसलेली. एक वळण झालं, दुसरं झालं. झाडं हिरवीगार आणि खाली नुसती माती. 'वर असेल गं,' बाबा म्हणाले. वर पोचलो तर समोर पसरलेलं पिवळं, वाळकं गवत. थेट आपल्याकडच्या मे महिन्यातल्या माळासारखं! सावलीत कुठेतरी मळकट बर्फाचे चार ठिपके. बस्स.

मी तणतणत रिसेप्शनवर गेले. फोटो दाखवला.

'फोटो तो यहीं का है, मॅडम.'

'कब का?'

तो कसनुसं हसला. 'और बर्फ है ना, मॅडम... ऊपर!' असं म्हणून त्याने खिडकीतून अफरवतच्या डोंगराकडे बोट दाखवलं.

गंमत म्हणजे तो धादांत खोटं बोलत नव्हता. गुलमर्ग आहे सुमारे २,६५० मीटरवर आणि तिथला गंडोला, म्हणजे रोपवे, तुम्हाला जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो. तिथे थोडाफार बर्फ होता. पण बाबांचं बीपी आणि आईचे गुडघे यांना घेऊन तिथवर जाणं शक्य नव्हतं. 'बर्फ आहे का?' एवढंच मी विचारलं होतं. 'कुठे?' हे विचारायचं राहूनच गेलं!

त्या वर्षी काश्मीरमधला हिवाळाच कोरडा गेला होता. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस तिथे 'चिल्लई कलां' असतो, म्हणजे सगळ्यात कडक थंडीचे दिवस. त्यातले बहुतेक दिवस बर्फाविना गेले. स्वतः स्कीइंग करणाऱ्या ओमर अब्दुल्लांनी त्याच सुमारास गुलमर्गचे जुने फोटो टाकून यंदाची अवस्था जगाला दाखवली होती. म्हणजे माहिती उघड होती. मी मात्र ज्याला रूम विकायची होती, त्यालाच हवामान विचारत बसले. जानेवारीच्या शेवटी बर्फ पडला. तेव्हा आम्ही पुण्यात होतो आणि आई थर्मल घडी करून माळ्यावर टाकत होती.

घरी आल्यावरही डोक्यातून ते 'ऊपर' जाईना. हे फक्त आपल्याकडेच चालतं की सगळीकडे? शोधाशोध केली तर चक्क एक रिसर्च पेपर हाती लागला! अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे जोनाथन झिनमन आणि एरिक झित्झेविट्झ हे दोन अर्थतज्ज्ञ. अमेरिका आणि कॅनडातले स्की रिसॉर्ट रोज 'काल रात्री आमच्याकडे इतका ताजा बर्फ पडला' असे आकडे देतात. या दोघांनी अनेक हिवाळ्यांचे आकडे गोळा केले आणि आठवड्याच्या वारांप्रमाणे लावून पाहिले. निष्कर्ष छापून आला २०१६ मध्ये. सोमवार ते शुक्रवारच्या मानाने शनिवार-रविवारी रिसॉर्ट १२ ते २३ टक्के जास्त बर्फ पडल्याचं सांगत होते!

आता ढगांना काही वीकेंड कळत नाही. सरकारी हवामानाच्या आकड्यांत असा शनिवार-रविवारचा फुगवटा दिसलाच नाही. फुगत होता तो फक्त गल्ला भरणाऱ्यांचा आकडा. आणि फुगवण्यात ज्यांचा फायदा जास्त, ते फुगवतही जास्त होते. सगळेच रिसॉर्ट लबाड असं नाही, हा सरासरीचा हिशेब आहे. पण सरासरी कुठे झुकते, ते कळलं ना?

बरं, बर्फ मोजणं म्हणजे पट्टी लावली आणि झालं, असंही नसतं. एक पांढरी फळी ठेवतात, तिच्यावर साचलेला बर्फ मोजतात आणि फळी पुसून पुन्हा ठेवतात. पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दबत जातो. त्यामुळे दिवसातून चारदा मोजून बेरीज केली, तर एकदाच मोजल्यापेक्षा आकडा मोठा येतो. फळी माथ्यावर ठेवली की पायथ्याशी, वाऱ्याने बर्फ जिथे ढीग करून ठेवतो तिथे की उघड्यावर, यानेही उत्तर बदलतं. खोटं न बोलता सोयीचं बोलता येतं. माझा रिसेप्शनवाला हेच तर करत होता!

मग हे थांबलं कसं? कायद्याने? सद्सद्विवेकबुद्धीने? छे! २००९ च्या सुरुवातीला आयफोनवरच्या एका स्की ॲपमध्ये नवी सोय आली. डोंगरावर उभा असलेला कुणीही माणूस तिथूनच लिहू शकायचा, 'इथे बर्फबिर्फ काही नाही.' त्यानंतर आकडे फुगवणं झपाट्याने कमी झालं. आणि सगळ्यात जास्त कुठे? तर जिथे फोनला रेंज चांगली होती तिथे! आता तर बरेच रिसॉर्ट मोजपट्टीवरच वेबकॅम लावून ठेवतात. बघा तुम्हीच!

इथपर्यंत वाचून तुम्ही त्या हॉटेलवाल्यावर चिडला असाल. मीही चिडले होते. पण खरी गोष्ट आता सांगते.

गुलमर्गला त्या संध्याकाळी आम्ही तिघं कांगडी घेऊन बसलो होतो. मी हॉटेलवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. आई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, 'अगं, पण तूच लिहिलं होतंस ना, जानेवारीत हमखास बर्फ असतो म्हणून?'

लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी, एका पुरवणीसाठी. 'डिसेंबर ते मार्च गुलमर्गला हमखास बर्फ!' डेडलाइन संध्याकाळी सहाची, मानधन यथातथा, आणि मी आयुष्यात काश्मीर पाहिलेलं नव्हतं. दोन ब्रोशर आणि एका टूरवाल्याशी दहा मिनिटं फोन, एवढ्यावर चारशे शब्द पाडले होते. आईने ते कात्रण कापून कपाटात, साड्यांखाली ठेवलं होतं. गुलमर्गच आणि जानेवारीतच, हा हट्ट तिचा होता. कारण लेकीने लिहिलं होतं. हॉटेलवाल्याने मला एकटीला फसवलं. मी किती जणांना फसवलं, देव जाणे!

परत आल्यावर त्या पुरवणीच्या सब-एडिटरला फोन केला. तो हसला. 'अगं, दोन वर्षांपूर्वीचं कोण वाचतंय?'

'माझी आई,' मी म्हटलं.

'हमखास' हा शब्द तेव्हापासून मी वापरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गला ठरलेल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. ब्रोशरवर माणसं येतात, पण ब्रोशरवर स्की काही घसरत नाही.

तेव्हा बॉस, सुट्टी टाकण्याआधी फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल मागा. 'बर्फ आहे का?' असं नाही, 'तुमच्या दारात आत्ता किती इंच आहे?' असं विचारा. आणि रूम विकणाऱ्याला विचारण्याआधी कालच तिथून परतलेल्या माणसाला गाठा.

ते कात्रण अजून कपाटात आहे. परवा साडी काढताना दिसलं. 'हमखास' या शब्दाखाली आईने बॉलपेनने रेघ मारली आहे आणि समासात लिहिलंय, 'आम्ही गेलो होतो. जानेवारी २०२४. बर्फ नव्हता.'