रिकामपण न सोसणारा

तीन पाय, काळं अंग आणि पाठीला भोक पाडलेला पत्रा. ७८०५ हे त्याचं नाव. शेवटचा पाच म्हणजे तो देतो ते पाच व्होल्ट. डाव्या पायाला आठ व्होल्ट द्या की पंधरा, उजवीकडून पाचच निघणार. वरचं सगळं तो अंगावर घेतो आणि उष्णता करून सोडून देतो.

सोशीक आहे, पण भोळा नाही. आउटपुट शॉर्ट झालं तर करंट आवरता घेतो. फार तापला तर काम थांबवतो. निवला की कुणाला न सांगता पुन्हा सुरू. त्यामुळे ‘हा मरत नाही’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. मरतो. सगळ्या सावधगिरीत त्याची एक बाजू उघडी राहिली आहे: इनपुट ३५ व्होल्टच्या वर गेलं की त्याच्याकडे इलाज नाही.

आणि हे संकट कामाच्या घाईत नाही, निवांतपणी येतं. गच्चीवरच्या टाकीचा पंप चालू-बंद करणारा डबा घ्या. आत २४ व्होल्टचा लहानसा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कपॅसिटर. २४ ला १.४१ ने गुणा, डायोडचे दीडेक वजा करा: साडेबत्तीस. हिशेब जमला म्हणून बनवणारा खूश. पण ते २४ व्होल्ट पूर्ण लोडवरचे. लहान ट्रान्सफॉर्मर मोकळा असला की सहज पाव हिस्सा वर चढतो. म्हणजे ३०, आणि कपॅसिटरवर ४१. टाकी भरते, रिले सुटतो, लोड जातो. त्यात रात्री गल्ली झोपली की लाइनच २५० वर. सकाळी डबा गप्प. बरेचदा ७८०५ जाताना इनपुट-आउटपुट एक करून जातो, मग पुढचा मायक्रोकंट्रोलरही त्याच्या सोबतीला.

यावर हमखास सुचवतात तो उपाय म्हणजे इनपुटला सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टन्स. १०० मिलीअँपिअर वाहत असतील तर तो दहा व्होल्ट खाईल, खरं. पण रिकाम्या ७८०५ चं पाचेक मिलीअँपिअरवर भागतं. तेव्हा रेझिस्टन्स खातो जेमतेम अर्धा व्होल्ट. ऐन गरजेच्या वेळी रखवालदार रजेवर! कायमचा लोड लावून ठेवणं चालतं, पण मग रात्रंदिवस फुकट वीज जाळायची.

मला पटतो तो टीआयपी ३१ सी हा ट्रान्झिस्टर. बेसवर २४ व्होल्टचा, एक वॉटचा झेनर, कलेक्टरपासून बेसला एक किलोओहम, एमिटर ७८०५ च्या इनपुटला. लोड असो नसो, एमिटर तेवीसच्या आसपास राहतो. चढलेलं व्होल्टेज हा झेलतो; शंभरापर्यंत त्याची तयारी आहे. फक्त ब्रिजनंतरचा कपॅसिटर बघून घ्या. ३५ व्होल्टचा असेल तर एव्हाना फुगला असेल. ६३ चा घाला.