बिल घरी राहिलंय!

जुन्या वस्तूची पारख आपल्याइतकी कुणालाच नाही, अशी प्रत्येक मध्यमवर्गीय माणसाची खात्री असते. जुनी सायकल घेताना तो घंटी वाजवतो, पंखा घेताना पाती फिरवतो आणि स्थळ पाहताना घरातल्या म्हातारीला बोलतं करतो. मोबाइलला मात्र ना पाती, ना म्हातारी!

आमचे शहाड म्हणजे कल्याणच्या पुढचे, कसाऱ्याकडचे पहिले स्टेशन. एकीकडे बिर्ला मंदिरातला विठोबा, दुसरीकडे १९४९ साली निर्वासितांसाठी लष्करी छावणीत वसलेले उल्हासनगर. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सांगणारे लग्नाच्या खरेदीला मात्र तिथेच जातात. दुकानदार निदान दुकानात सापडतो. जुना मोबाइल विकणारा स्टेशनच्या जिन्यावर भेटतो आणि जिन्यावरच अंतर्धान पावतो.

आमच्या शेजारच्या काकांना असाच एकजण भेटला. "काका, बिल घरी राहिलंय, खोका मावशीकडे आहे आणि चार्जर उंदरानं खाल्ला!" निम्म्या किमतीत फोन आला. आठव्या दिवशी पडद्यावर अक्षरे उमटली : हप्ते थकले आहेत, फोन बंद. पहिल्या मालकाचे कर्ज काकांच्या खिशात वाजत होते!

तरी काका सुटले म्हणायचे. लोकलच्या दारात उभ्या असलेल्याच्या हातावर रुळांलगतचा पोरगा काठीचा फटका मारतो, तेव्हा कधी फोन पडतो, तर कधी फोनसकट माणूस. तसला फोन निम्म्या किमतीत घेणाऱ्याने उरलेली निम्मी किंमत कुणी भरली, हे एकदा मनाला विचारावे.

विचारायचे कसे? स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. मग के-वाय-एम लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ वर पाठवावा. आकडा काळ्या यादीत असेल तर तसे उत्तर येते. १६ मे २०२३ पासून सरकारच्या 'संचार साथी'वरही ही सोय आहे. आकडा बदललेलाही असू शकतो, म्हणून बिलाचा आग्रह सोडू नये. चोरीचा माल आहे असे समजायला कारण असूनही तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि 'खोका मावशीकडे' याहून मोठे कारण ते कोणते?

तेव्हा बिल घरी राहिले असेल, तर फोनही त्याच्या घरीच राहू द्यावा. दोघांना एकमेकांची सोबत होते.