कोलंबसाचा चणा

१४९३ साली भर समुद्रात वादळ उठलं, तेव्हा नवस फेडायला कोणी जायचं हे ठरवायला कोलंबसाने टोपीत चणे घातले. खुणेचा चणा नेमका त्याच्याच हाती लागला, आणि स्वारी स्पेनमधल्या ग्वादालुपेच्या मठात हजर!

आमच्या घरी चण्यांची गरज नव्हती. आई म्हणेल ती पूर्व.

देवी लाकडाची, काळीसावळी. "अगदी आपल्या विठोबासारखी रे!" आई पुटपुटली.

पंढरपुरात रात्रभर रांगेत उभं राहून पायांवर डोकं टेकवतेय, तोच मागच्यांनी तिला पुढे ढकललं होतं. मुख बघायचं राहिलंच. इथे फ्रान्सिस्कन साधूने सिंहासनच फिरवलं आणि देवी आमच्याकडे वळली!

बाहेर आल्यावर विचारलं, "काय मागितलंस?"

"राहूनच गेलं रे. बघतच बसले."